युद्धकालीन मजूरटंचाई आणि वंचितांचे श्रम

युद्ध म्हणजे हिंसा आणि द्वेष यांचे पर्व, हे धम्माच्या अभ्यासकाला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. तथापि आधुनिक युद्धांचा एक परिणाम असा आहे की ज्याकडे आपल्याकडील लिखाणात पुरेसे लक्ष गेलेले नाही. लाखो पुरुष सैन्यात भरती होतात, कारखाने रात्रंदिवस चालू लागतात आणि काम करणारे हात एकाएकी अपुरे पडतात. अशा वेळी, एरवी ज्यांना दाराबाहेर उभे ठेवले जाते त्या स्त्रिया, अस्पृश्य, आदिवासी आणि कृष्णवर्णीय यांना आत बोलावले जाते. जे काम त्यांना जमणार नाही असे कालपर्यंत सांगितले जात होते, तेच काम ते करू लागतात आणि उत्तम करतात. मग युद्ध संपते. त्यानंतर या माणसांचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न आपल्या वाचकांना दूरचा वाटू नये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ च्या जुलैपासून १९४६ पर्यंत, हिंदुस्थान सरकारचे मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. मजूरटंचाईचा प्रश्न त्यांच्या टेबलावर रोजचा होता, आणि त्यातील एका निर्णयाबद्दल त्यांना कायदेमंडळात कठोर टीका ऐकावी लागली. तो प्रसंग आम्ही पुढे तपशिलाने मांडणार आहोत. तत्पूर्वी टंचाई म्हणजे नेमके काय करते, हे समजून घेणे इष्ट होईल.

पालि वाङ्मयात 'हेतु' आणि 'पच्चय' असे दोन शब्द आढळतात. सुत्तांत ते पुष्कळदा जोडीने आणि जवळजवळ समान अर्थाने येतात. अभिधम्मात मात्र 'हेतु' या शब्दाला मुळाचा विशिष्ट अर्थ आहे, तर 'पच्चय' या शब्दात इतर अनेक प्रकारचे साहाय्य मोडते. झाडाला मूळ असते, आणि त्याखेरीज पाणी, ऊन व माती यांचे साहाय्य लागते. पाणी कमी झाले तर झाड सुकते, पण मूळ शाबूत असेल तर पहिल्या पावसाबरोबर ते पुन्हा फुटते. आमच्या विषयाला हा भेद चांगला लागू पडतो. वंचितांना विशिष्ट कामांपासून दूर ठेवणारे मूळ जातीत, वर्णद्वेषात आणि पुरुषप्रधान रूढीत आहे. मुबलक मजूर मिळणे ही त्या मुळाला पोसणारी परिस्थिती होय. युद्धकाळात ती परिस्थिती बदलते, मूळ मात्र जागच्या जागी राहते.

टंचाईची कार्यपद्धती

मजूर कमी पडले की मालक लगेच वंचितांकडे वळतो, असे घडत नाही. आधी तो आपल्या ओळखीच्या वर्गातील बेकार, वयस्क आणि अननुभवी पुरुष शोधतो. ते संपल्यावर उरलेल्यांची आठवण होते. शिवाय रिकाम्या जागा वरून खाली सरकत येतात. वरच्या जातीचा किंवा वर्णाचा मजूर बढती घेऊन चांगल्या कामावर जातो आणि त्याने सोडलेले जड, धोक्याचे वा घाणीचे काम नव्या माणसाच्या वाट्याला येते. म्हणून वंचितांची संख्या वाढली एवढ्यावरून त्यांचा दर्जा वाढला असा निष्कर्ष काढता येत नाही.

दुसरी गोष्ट कौशल्याची. कुशल कारागीर अपुरे पडले की त्याच्या एका कामाचे दहा छोटे भाग पाडले जातात, त्यातील काही यंत्राकडे सोपवले जातात आणि उरलेले काही आठवड्यांत शिकवता येतात. वर्षानुवर्षांची उमेदवारी आवश्यक आहे असे ज्या कामाबद्दल सांगितले जात होते, ते अल्प काळात शिकता येते हे यातून उघड होते. कौशल्याच्या नावाखाली अनेकदा मक्तेदारीच जपलेली असते, हे युद्धाने जितके स्पष्ट केले तितके शांतताकाळाने केले नाही. परंतु याच विभागणीचा दुसरा उपयोगही होतो. कामाचे तुकडे केल्यावर ते 'हलके काम' ठरते, त्याला 'बायकांचे काम' असे नाव पडते आणि मजुरी खाली येते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे 'तात्पुरते' हा शब्द. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये १९१५ च्या मार्च महिन्यात सरकार आणि कामगार संघटना यांच्यात समझोता झाला. कुशल पुरुषांची राखीव कामे स्त्रियांना व अकुशल मजुरांना करू द्यावीत, आणि युद्ध संपताच जुनी वहिवाट पूर्ववत करावी, असे त्यात ठरले. १९१९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला. म्हणजे स्त्रियांना दार उघडतानाच ते पुन्हा लावण्याची व्यवस्था करून ठेवली होती. दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबलेल्या स्त्रियांपैकी बहुसंख्यांना घरी किंवा घरकामाच्या नोकरीवर परतावे लागले.

पलटणींचा अनुभव

आपल्याकडे या प्रक्रियेचा सर्वांत परिचित दाखला सैन्यभरतीचा आहे. सैनिकी हाही एक रोजगारच आहे. त्यात पगार, निवृत्तिवेतन आणि मुलांचे शिक्षण येते, आणि गावगाड्याच्या बाहेर उभे राहण्याची संधीही येते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात महार सैनिकांची संख्या मोठी होती. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार याच परंपरेतले. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी लढवय्या जातींचा सिद्धांत स्वीकारला आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर यांनी आणि पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. त्या अर्जांनी भरती सुरू झाली नाही.

जे अर्जांनी झाले नाही ते टंचाईने झाले. पहिल्या महायुद्धात सैनिक अपुरे पडू लागले तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारण्यात आली. महार लढवय्ये आहेत की नाहीत, हा वाद त्या वेळी कोणाला आठवला नाही. युद्ध संपले, खर्चात कपात सुरू झाली आणि १९२० मध्ये ही पलटण ७१ व्या पंजाबी पलटणीत विलीन करण्यात आली. १९२१ मध्ये ती पूर्णपणे मोडीत निघाली. जुना सिद्धांत पुन्हा डोके वर काढून उभा राहिला. मधल्या चार वर्षांत तो कोणी खोडून काढला नव्हता. तो फक्त बाजूला ठेवला गेला होता.

दुसऱ्या महायुद्धात हाच प्रसंग पुन्हा आला, पण या वेळी परिस्थितीत एक भेद होता. १९४१ च्या जुलैमध्ये बाबासाहेबांची राष्ट्रीय संरक्षण मंडळावर नेमणूक झाली होती, त्यांच्यामागे स्वतंत्र मजूर पक्षाची संघटना होती आणि सैन्यातील प्रवेशाची मागणी संघटित रीतीने मांडली जात होती. १९४१ च्या ऑक्टोबरात महार रेजिमेंटची स्थापना झाली, आणि बेळगाव व कामठी येथे तिच्या पलटणी उभ्या राहिल्या. कोरेगावचा स्तंभ तिच्या मूळ बोधचिन्हावर होता. युद्धानंतर ही रेजिमेंट मोडली गेली नाही आणि आजही ती भारतीय सैन्यात आहे.

येथे वाचकांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. याच युद्धात १९४३ मध्ये चमार रेजिमेंट उभारण्यात आली. तिचे जवान ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले. १९४६ च्या अखेरीस ती बरखास्त झाली. पराक्रम दोन्हीकडे होता आणि टंचाईही एकच होती. तरी एक पलटण टिकली, दुसरी टिकली नाही. यामागे एकच कारण सांगणे धाडसाचे होईल. परंतु एवढे निश्चित म्हणता येते की युद्धात गाजवलेले शौर्य हे टिकून राहण्याची हमी ठरले नाही.

अमेरिकेतील दाखला

ही प्रक्रिया केवळ जातिव्यवस्थेची नाही, हे समजण्यासाठी अमेरिकेचे उदाहरण उपयुक्त आहे. पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून येणाऱ्या मजुरांचा ओघ आटला आणि उत्तरेकडील कारखान्यांनी दक्षिणेतील कृष्णवर्णीयांना कामावर घेण्यास सुरुवात केली. लाखो कुटुंबे शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क अशा शहरांत गेली. १९१९ च्या उन्हाळ्यात गोरे सैनिक परतले आणि अनेक शहरांत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी कृष्णवर्णीय नेते या अनुभवातून शिकले होते. १९४१ मध्ये शस्त्रनिर्मितीचे कारखाने भरभराटीला आले असतानाही त्यांना झाडूवाल्याच्या कामापलीकडे प्रवेश नव्हता. रेल्वेच्या शयनडब्यांतील कृष्णवर्णीय सेवकांच्या संघटनेचे नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १ जुलै १९४१ रोजी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याची घोषणा केली. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी २५ जून रोजी आदेश क्रमांक ८८०२ काढला. संरक्षण उद्योगांत आणि सरकारी सेवेत वंश, धर्म, वर्ण किंवा मूळ देश यांवरून भेदभाव करण्यास त्याने मनाई केली आणि देखरेखीसाठी एक समिती नेमली. मोर्चा रद्द झाला. या आदेशात स्त्री-पुरुष भेदाचा उल्लेख नव्हता, ही गोष्टही नोंदवली पाहिजे.

आदेश निघाला म्हणून मने बदलली नाहीत. १९४३ च्या जूनमध्ये डेट्रॉइटच्या पॅकार्ड कारखान्यात तीन कृष्णवर्णीय मजुरांना बढती मिळाली तेव्हा सुमारे २५,००० गोऱ्या मजुरांनी काम बंद केले. त्याच महिन्यात त्या शहरात दंगल होऊन ३४ माणसे मेली, त्यांपैकी २५ कृष्णवर्णीय होती. १९४४ च्या ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियात आठ कृष्णवर्णीयांना ट्रामचालकाचे शिक्षण देऊ केले म्हणून सारी वाहतूक संपाने बंद पडली आणि सरकारला सैन्य पाठवावे लागले. तरीही युद्धसामग्रीच्या उद्योगांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १९४२ च्या आरंभी सुमारे ३ टक्के होते, ते १९४४ च्या अखेरीस ८ टक्क्यांवर गेले.

स्त्रियांच्या बाबतीत अमेरिकेच्या एकूण श्रमशक्तीतील त्यांचे प्रमाण १९४० मध्ये सुमारे २७ टक्के होते, ते १९४५ पर्यंत ३७ टक्क्यांच्या जवळ पोहोचले. परंतु 'स्त्रिया' या एका शब्दाखाली सर्व स्त्रियांचा अनुभव एकच समजणे चूक ठरेल. नोकरी करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी १९४० मध्ये ६० टक्के स्त्रिया दुसऱ्यांच्या घरी राबत होत्या. १९४४ पर्यंत हे प्रमाण ४५ टक्क्यांपर्यंत उतरले आणि कारखान्यांतील त्यांचे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेले. गोऱ्या स्त्रीला युद्धाने घराबाहेर काढले असे म्हटले जाते. कृष्णवर्णीय स्त्री आधीपासूनच घराबाहेर होती. युद्धाने तिला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातून कारखान्यात नेले. तिला सर्वांत शेवटी घेतले गेले आणि सर्वांत आधी काढले गेले. १९४६ मध्ये रूझवेल्ट यांच्या आदेशाने नेमलेली समिती बंद झाली, नोकरदार मातांच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या पैशातून चालणारी पाळणाघरेही बंद झाली. रोजगारातील भेदभावाविरुद्ध भक्कम कायदा होण्यासाठी १९६४ उजाडावे लागले. त्या कायद्यात वर्णाबरोबर स्त्री-पुरुष भेदालाही मनाई झाली.

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे कृष्णवर्णीयांनी पाठवलेल्या अर्जाची प्रत मागितली होती, हे प्रसिद्ध आहे. ज्या वर्षी अमेरिकेत युद्धकालीन संरक्षण काढून घेतले जात होते, त्याच वर्षी बाबासाहेब या दोन समाजांच्या प्रश्नांतील साम्याचा विचार करीत होते.

कोळशाच्या खाणीतील स्त्रिया

आता आपण हिंदुस्थानातील त्या प्रसंगाकडे वळू, ज्याचा उल्लेख आरंभी केला आहे. झरिया, राणीगंज आणि मध्यप्रांतातील कोळसा खाणींत फार पूर्वीपासून कुटुंबेच्या कुटुंबे काम करीत. पुरुष कोळसा तोडी आणि स्त्री तो टोपलीत भरून, डोक्यावर वाहून टबात टाकी. झरियाच्या परिसरात या स्त्रीला 'कामिन' म्हणत. संताळ, बाउरी, भुइया अशा आदिवासी आणि अस्पृश्य समाजांतून ती येई. १९२० च्या सुमारास कोळसा खाणींतील एकूण मजुरांत एक तृतीयांशाहून अधिक स्त्रिया होत्या. म्हणजे स्त्री आणि वंचित समाज हे दोन वेगळे प्रश्न येथे नव्हतेच. एकाच व्यक्तीच्या ठायी ते एकत्र आले होते.

जमिनीखालील काम अंधाराचे, दमट हवेचे आणि जिवावर बेतणारे होते. १९२९ पासून टप्प्याटप्प्याने आणि १९३७ मध्ये पूर्णपणे स्त्रियांना भूमिगत कामास बंदी झाली. या बंदीमागील हेतू मानवतेचा होता. तथापि तिचा दुसरा परिणामही पाहिला पाहिजे. कुटुंबाच्या कमाईतील एक हिस्सा गेला आणि त्याच्या बदल्यात पुरुषाची मजुरी तेवढ्या प्रमाणात वाढली नाही. स्त्रीला वर आणले गेले, पण वर तिच्यासाठी पुरेसे काम नव्हते.

युद्धकाळात कोळशाची गरज वाढली. त्याच वेळी पूर्व भारतात विमानतळ, रस्ते आणि लष्करी छावण्या यांची बांधकामे सुरू झाली. तेथे उघड्या हवेत, कमी धोक्यात, अधिक मजुरी मिळे. साहजिकच खाणमजूर तिकडे गेले. गोरखपूर भागातून मजूर आणून खाणींत लावण्यात आले, तरी कोळसा कमी पडू लागला. १९४३ च्या उत्तरार्धात सरकारने, आधी मध्यप्रांतात आणि मग बंगाल व बिहारमध्ये, स्त्रियांवरील बंदी उठवली. चांदा जिल्ह्यातील खाणीही तेव्हा मध्यप्रांतातच होत्या.

या निर्णयाविरुद्ध देशात आणि इंग्लंडमध्ये तीव्र टीका झाली. अखिल भारतीय महिला परिषदेने निषेध केला. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या १९३५ च्या कराराचा हा भंग आहे, असे बोलले गेले. ८ फेब्रुवारी १९४४ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात या प्रश्नावर तहकुबी सूचना आली आणि सरकारची बाजू मांडण्याची जबाबदारी मजूरमंत्री या नात्याने बाबासाहेबांवर आली.

आमच्या काही लेखकांची प्रवृत्ती हा प्रसंग वगळून पुढे जाण्याची आहे, तर काही टीकाकार तेवढाच प्रसंग दाखवून त्यांच्या संपूर्ण कार्यावर निकाल देतात. आमच्या मते दोन्ही मार्ग अभ्यासाचे नव्हेत. बाबासाहेबांनी सभागृहात काय सांगितले ते पाहावे. कोळशाचा तुटवडा गंभीर असून त्यावर तातडीचा उपाय म्हणून ही बंदी उठवावी लागली, हा उपाय तात्पुरता आहे, आणि स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल अशी तरतूद केली आहे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. स्त्री-पुरुष भेद न करता समान कामाला समान दाम हे तत्त्व एखाद्या उद्योगात प्रथमच प्रस्थापित होत आहे, याकडे त्यांनी सभागृहाचे लक्ष वेधले.

यातून दोन गोष्टी दिसतात. एक अशी की 'तात्पुरते' या शब्दाच्या बंधनातून सरकारचा हा निर्णयही सुटला नव्हता. ज्या स्त्रीला १९३७ मध्ये संरक्षणासाठी वर आणले, तिला १९४३ मध्ये राष्ट्राच्या गरजेसाठी खाली नेले, आणि १ फेब्रुवारी १९४६ पासून पुन्हा बंदी लागू करून वर आणले. या तिन्ही वेळी तिला कोणी विचारले नाही. दुसरी गोष्ट अशी की टंचाईच्या त्याच कोंडीत बाबासाहेबांनी एक तत्त्व सरकारच्या तोंडून वदवून घेतले. जेथे टबाच्या हिशेबाने मजुरी कुटुंबातील पुरुषाच्या हाती पडते, तेथे समान दामाची अंमलबजावणी तपासणे कठीण असते, हे खरे. परंतु सभागृहात एकदा मान्य झालेले तत्त्व पुन्हा अमान्य करणे पुढच्या सरकारांना तितकेच कठीण जाते.

टंचाई ओसरण्यापूर्वी

त्या चार वर्षांतील मजूर खात्याचे काम एकत्र पाहिले की एक दिशा स्पष्ट होते. बाबासाहेबांनी ऑगस्ट १९४२ मध्ये पहिल्या त्रिपक्षीय मजूर परिषदेचे अध्यक्षपद भूषवले. तेथे सरकार, मालक आणि मजूर हे तिघे एका टेबलाभोवती बसले. मजूर दुर्मीळ झाला होता म्हणूनच त्याला त्या टेबलाशी खुर्ची मिळाली. पण परिषद युद्धानंतरही चालू राहिली.

१९४१ च्या खाण प्रसूती लाभ कायद्यानुसार खाणीतील स्त्रीला प्रसूतीपूर्वी चार आणि प्रसूतीनंतर चार असे आठ आठवडे, दररोज आठ आणे याप्रमाणे लाभ मिळत असे. या कायद्यातील संदिग्धता दूर करणारी दुरुस्ती बाबासाहेबांनी १९४३ मध्ये मांडली, आणि भूमिगत काम करणाऱ्या स्त्रियांचा विचार करून १९४५ मध्ये आणखी दुरुस्ती झाली. हा विषय त्यांना नवा नव्हता. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता आणि पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात तसा कायदा झाला होता. १९४३ च्या डिसेंबरात त्यांनी धनबादच्या परिसरातील खाणींना भेट दिली आणि स्वतः खाणीत उतरून काम पाहिले. त्यानंतर अल्पावधीतच, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाणमजुरांच्या कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला. कोळशावरील कराचा पैसा घरे, पाणी आणि औषधोपचार यांसाठी वापरावा अशी ती योजना होती. १९४६ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे काम ४८ तासांवर आले.

याच काळातील आणखी एक घटना आपल्या विषयाशी थेट संबंधित आहे. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांविषयी एक निवेदन सादर केले. १९३४ च्या सरकारी ठरावाने मुसलमान आणि इतर अल्पसंख्याक यांच्यासाठी केंद्रीय नोकऱ्यांत वाटा ठरवून दिला होता, परंतु अस्पृश्यांसाठी निश्चित वाटा ठेवला नव्हता. निवेदनानंतर, १९४३ च्या ऑगस्टमध्ये, केंद्रीय सेवांतील ८⅓ टक्के जागा अनुसूचित जातींसाठी राखून ठेवण्याचा आदेश निघाला. १९४६ मध्ये हे प्रमाण १२½ टक्क्यांवर नेण्यात आले.

या दोन वर्षांकडे वाचकांनी बारकाईने पाहावे. १९४३ हे टंचाईचे वर्ष. सरकारला प्रत्येक समाजाच्या सहकार्याची गरज होती. १९४६ हे कपातीचे वर्ष. युद्ध संपले होते, पलटणी मोडल्या जात होत्या, खाणीतील स्त्रियांना वर पाठवले जात होते, अमेरिकेतील समिती बंद पडत होती. त्याच वर्षी येथे राखीव जागांचे प्रमाण कमी न होता वाढले. जे केवळ गरजेपोटी दिले गेले होते ते १९४६ मध्ये परत घेतले गेले. जे लिखित नियमात उतरले होते ते वाढले, आणि १९५० मध्ये संविधानाच्या अनुच्छेद १६ मध्ये त्याला स्थान मिळाले. समान कामाला समान वेतन हे तत्त्व अनुच्छेद ३९ मध्ये आणि प्रसूती साहाय्य अनुच्छेद ४२ मध्ये आले. समान वेतनाचा कायदा व्हायला मात्र १९७६ साल लागले.

उपसंहार

या सर्व विवेचनातून आम्ही पुढील मतावर आलो आहोत. टंचाईमुळे वंचितांच्या क्षमतेविषयीचे खोटे समज उघडे पडतात, हा तिचा खरा उपकार. महार सैनिक लढू शकतो, कृष्णवर्णीय माणूस ट्राम चालवू शकतो, स्त्री यंत्र चालवू शकते, हे तिने सर्वांच्या डोळ्यांसमोर सिद्ध केले. परंतु पुरावा मिळाला म्हणून पूर्वग्रह निघून जात नाही, कारण मुळात तो पुराव्यावर उभाच नव्हता. टंचाईच्या काळात वंचितांच्या हाती एक अल्पकालीन सामर्थ्य येते: त्यांच्यावाचून काम अडते. त्या सामर्थ्याचा उपयोग अधिक मजुरी मिळवण्यापुरता केला तर ते युद्धाबरोबर संपते. त्याच्या बळावर कायदा, राखीव हिस्सा आणि संघटना मिळवली तर ते पुढच्या पिढीच्या उपयोगी पडते. रँडॉल्फ यांनी आदेश मिळवला, पण त्याला कायद्याचे स्थैर्य मिळण्यास आणखी तेवीस वर्षे गेली. बाबासाहेबांनी आदेश मिळवला आणि सात वर्षांच्या आत तो संविधानात नेला.

खाणीतील कामिनीची कथा मात्र इतक्या समाधानाने संपत नाही. १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांवरील भूमिगत कामाची बंदी कायम ठेवली. खाणींत यंत्रे आली तसे टोपली वाहण्याचे काम संपत गेले आणि स्त्रियांची संख्या घटत गेली. राष्ट्रीयीकरणानंतर स्वेच्छानिवृत्तीच्या योजनांतून अनेकींनी आपली नोकरी मुलाच्या किंवा अन्य पुरुष नातलगाच्या नावे केली. २०१९ मध्ये केंद्र सरकारने स्त्रियांना पुन्हा भूमिगत खाणीत जाण्याची मुभा दिली, परंतु ती तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापकीय पदांसाठी, आणि सकाळी सहा ते सायंकाळी सात या वेळेपुरती. या वेळी स्त्रिया खाणीत उतरतात त्या कोणा युद्धाच्या गरजेपोटी नव्हे. खाण अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या मुलींनी तो हक्क मागितला होता. हा बदल स्वागतार्ह आहे.

तरी एक प्रश्न उरतो. ज्या बाउरी आणि संताळ स्त्रियांनी शंभर वर्षांपूर्वी डोक्यावर कोळसा वाहिला, त्यांच्या नातींपैकी किती जणींच्या हाती आज खाण अभियंत्याची पदविका आहे? टंचाई त्यांना ती पदविका देणार नाही. ती शाळा, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती यांतूनच येईल. १९४२ च्या त्या निवेदनात बाबासाहेबांनी नोकऱ्यांच्या बरोबरीने अनुसूचित जातींच्या उच्च व तांत्रिक शिक्षणासाठी सरकारने पैसा द्यावा अशी मागणी केली होती. ती मागणी नोकऱ्यांच्या मागणीशेजारी का ठेवली होती, हे खाणीच्या या इतिहासावरून ध्यानात येते.